पुढचं पाठ, मागचं सपाट: एकमेकांत अडकलेले शब्द कसे सोडवायचे

‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं, ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं. शिकवण्या घेताना हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल याची मोजदाद नाही. एक विद्यार्थी मात्र नीट लक्षात आहे. सोमवारी त्याला फक्त ‘बॉरो’ येत होता आणि ‘मे आय बॉरो युवर पेन’ तो न अडखळता म्हणत होता. गुरुवारी मी मोठ्या उत्साहाने ‘लेंड’ शिकवला. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, बाण काढले. शुक्रवारी तो म्हणाला, ‘मे आय लेंड युवर पेन’. माझ्या भुवया वर गेल्या तसा घाईघाईने म्हणाला, ‘बॉरो... लेंड... बाई, त्यातलं कुठलं तरी एक!’ नवा शब्द आला नाहीच, हातातला होता तोही गेला.

यासाठी आपल्याकडे नेमकी म्हण आहे: पुढचं पाठ, मागचं सपाट. ती आळशी मुलांना ऐकवतात, पण या मुलाने आळस केला नव्हता. चूक माझ्या मांडणीत होती. शब्द डोक्यातून पुसले जातात त्यापेक्षा कितीतरी वेळा ते एकमेकांत अडकतात, आणि त्यामागे बहुतेकदा कोणता शब्द कोणाच्या शेजारी आणि कधी शिकला, एवढंच कारण असतं. पुढच्या पायऱ्या त्या शेजाराची व्यवस्था लावण्याच्या आहेत. भाषा कोणतीही असो. मी उदाहरणं इंग्रजी, जर्मन, जपानी आणि हिंदीतली घेते, कारण ठेचा मला तिथेच लागल्या.

आधी थोडं आतलं

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाचा विषय तो स्वतःच. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते मोजायचं, अशी त्याची पद्धत. तासाभरातच निम्म्याहून जास्त कमाई गेलेली असायची. पुढे घसरण मंदावायची आणि महिन्याने पाचव्या हिश्श्याएवढी शिल्लक राहायची. हा उतरता आलेख पाहून आपण समजतो की आठवण काळाबरोबर झिजते.

पण १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना अशीच अक्षरं पाठ करायला लावली. कधी पाठांतरानंतर ते झोपायचे, कधी दिवसभराच्या कामाला लागायचे. आठ तासांनी विचारलं तर झोपून उठल्यावर दहापैकी निम्मी अक्षरं आठवायची, जागं राहिल्यावर जेमतेम एखादं. काळ दोन्हीकडे तेवढाच गेला होता, तरी फरक एवढा. म्हणजे त्या काळात डोक्यात दुसरं काय शिरलं, हे पाहायला हवं. म्यूलर आणि पिल्झेकर यांनी १९०० सालीच हे दाखवलं होतं: एक यादी पाठ झाल्या झाल्या दुसरी घेतली तर पहिली बिघडते. आपली म्हण ती हीच.

म्हणीला न सापडलेला अर्धा भाग १९५७ साली बेंटन अंडरवुड यांनी पुढे आणला. एकच यादी शिकलेल्यांना दुसऱ्या दिवशी तिचा सुमारे पाऊण भाग आठवत होता. आधी पंधरावीस याद्या शिकून झालेल्यांना शेवटच्या यादीचा जेमतेम पाव भाग. म्हणजे मागचं पाठ, पुढचं सपाट, असंही होतं. एबिंगहाउसने तर शेकड्याने याद्या पाठ केल्या होत्या. त्याचा आलेख इतक्या झपाट्याने का घसरतो, याचं एक उत्तर इथे आहे. मानसशास्त्रात या दोन्ही प्रकारांना इंटरफिअरन्स म्हणतात. मी आडकाठी म्हणते.

नवा शब्द कानावर पडला की तो आधी ध्वनीच्या रूपात जेमतेम दोन सेकंद टिकतो. मनात पुन्हा पुन्हा म्हटला तरच त्याहून जास्त. त्यातून वाचला तर मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्याची झटपट नोंद करतो, आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात, जिथे आपली जुनी शब्दसंपत्ती पसरलेली आहे, तिथे तो सावकाश, मोठ्या प्रमाणावर झोपेत, मुरतो. द्युमे आणि गॅस्केल यांचा या बाबतीतला २००७ सालचा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी लोकांना खऱ्या इंग्रजी शब्दांसारखे ऐकू येणारे बनावट शब्द शिकवले, ‘कथीड्रल’सारखा ‘कथीड्रूक’ असे. शिकल्या शिकल्या खऱ्या शब्दांना काहीच बाधा झाली नाही. मध्ये रात्रीची झोप झाली, आणि मग मूळ खरा शब्द ओळखायला लोकांना किंचित उशीर होऊ लागला. नवा शब्द घरचा झाला, आणि घरचा झाल्यामुळेच भांडू लागला. तेव्हा दोन शब्दांत गोंधळ होतो आहे हे नेहमीच वाईट लक्षण नसतं. निदान दोघं आत तरी पोचलेत.

पायरी १: आठवडाभर चुका पकडा

उपाय करण्याआधी दुखणं ओळखायला हवं. आठवडाभर शब्द चुकला की नुसती फुली मारू नका. त्या क्षणी तोंडातून काय निघालं ते लिहा. एका पानावर तीन रकाने पुरतात: हवा होता तो शब्द, आला तो शब्द, आणि काय झालं. माझ्या जपानीच्या वहीतल्या ओळी अशा आहेत:

‘कारिरु’ हवा होता, ‘कासु’ आला. दोन्ही उसन्याचेच.
‘ब्योइन’ ऐकलं, ‘बियोइन’ समजले. डॉक्टरकडे जायचं होतं, मी केस कापायचं दुकान समजले.
‘काबे’ हवा होता, काहीच आलं नाही.
‘मिगि’, म्हणजे उजवं, आला, पण तीन सेकंदांनी, आणि आधी ‘हिदारि’, म्हणजे डावं, ओठांवर येऊन गेला.

या चार चुका एकसारख्या दिसतात, पण तिसरी वेगळी आहे. तिथे कोरी पाटी आहे: ‘काबे’ म्हणजे भिंत, हा शब्द नीट रुजलाच नव्हता. त्याला उजळणी हवी. बाकी तिघांना उजळणी देऊन फारसं साधत नाही, कारण तिथे शब्द आहेत, फक्त चुकीच्या दारातून बाहेर येतात. चौथी ओळ लोक लिहितच नाहीत, कारण उत्तर बरोबर आलेलं असतं. ती जरूर लिहा. उशिरा आलेलं बरोबर उत्तर ही पुढच्या आठवड्यातली चूक असते.

शब्दांची कार्डं दाखवून उजळणी घेणारं आन्कीसारखं ॲप वापरत असाल तर त्यात सोपी खूण मिळते. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की ॲप त्याच्यावर ‘लीच’, म्हणजे जळू, असा शिक्का मारतं. माझा अनुभव असा की जळवा बहुधा जोडीने सापडतात. एक दिसली की तिची जोडीदारीण कुठे आहे ते शोधा.

पायरी २: यादी फोडा

सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे, आणि सगळ्यात जास्त विरोधही इथेच होतो. पाठ्यपुस्तकं शब्द कप्प्याकप्प्यांनी देतात. एका पानावर सगळे रंग, दुसऱ्यावर सगळे अवयव, तिसऱ्यावर विरुद्धार्थी जोड्या. पान सुबक दिसतं आणि शिकवायला सोपं जातं. शिकणाऱ्याच्या डोक्यात मात्र एकाच खुंटीवर बारा डगले टांगले जातात.

थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७ साली हे तपासलं. एकाच गटातले शब्द एकत्र दिले की ते शिकायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा, जास्त फेऱ्या लागल्या. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हा फरक सारखाच दिसलेला नाही, आणि ज्यांना ते शब्द अर्धेमुर्धे ओळखीचे आहेत त्यांना गटाचा उलट उपयोगही होतो. पण कोऱ्या शब्दांसाठी मी हा नियम डोळे झाकून पाळते: भावंडांना एका दिवशी घरात घ्यायचं नाही.

टिंकहॅम यांनी १९९७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच जातीचे शब्द एकत्र दिल्याने त्रास होतो, पण एकाच प्रसंगातले शब्द एकत्र दिले तर मदत होते. छत्री, रेनकोट, टोपी, स्वेटर हे जातभाई झाले. छत्री, भिजणं, निसरडं, थांबणं हा प्रसंग झाला. प्रसंगातला प्रत्येक शब्द वेगळं काम करतो, म्हणून ते एकमेकांच्या जागा बळकावत नाहीत.

प्रत्यक्षात करायचं असं. पुस्तकातली यादी समोर घ्या आणि जे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतील त्यांच्याभोवती गोल करा. तीन कारणांनी गोल पडतो: अर्थ जवळचा किंवा उलटा, उच्चार सारखा, किंवा मराठीत दोघांना एकच शब्द. गोलातला एकच शब्द या आठवड्यात घ्या. जोडीत जो जास्त वापरला जातो, तो आधी. दुसऱ्याला रांगेत उभं करा. पहिला शब्द तीन वेगवेगळ्या दिवशी, न अडखळता, स्वतःच्या डोक्यातून आला की मगच दुसऱ्याची पाळी.

जर्मनमध्ये रस्ता विचारण्याचा धडा घेऊ. पुस्तक ‘लिंक्स’ म्हणजे डावीकडे आणि ‘रेश्ट्स’ म्हणजे उजवीकडे, हे पहिल्याच ओळीत देतं. मी पहिल्या आठवड्यात फक्त ‘लिंक्स’ घेते. सोबतीला ‘आम्पेल’, म्हणजे सिग्नल, आणि ‘आब्बीगेन’, म्हणजे वळणं. वाक्यखंड एकच: ‘आन डेअर आम्पेल लिंक्स’, सिग्नलपाशी डावीकडे. दोन आठवड्यांनी ‘ब्र्यूके’, म्हणजे पूल, येतो आणि त्याचा हात धरून ‘रेश्ट्स’: ‘नाख डेअर ब्र्यूके रेश्ट्स’, पुलानंतर उजवीकडे. आता डावं सिग्नलपाशी आणि उजवं पुलापलीकडे राहतं. प्रत्येकाला आपापला पत्ता मिळाला. ‘मग पहिले दोन आठवडे उजवीकडे कसं वळायचं?’ असं एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. तिला म्हटलं, हाताने दाखवायचं.

एका दिवशी शब्द किती? आकडा सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण मी स्वतः आठच्या वर जात नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं होतं. पन्नास शब्द ‘बघून’ झाले याचं समाधान त्याच संध्याकाळपुरतं असतं.

पायरी ३: पहिली भेट नीट होऊ द्या

शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा आपण त्याच्याशी काय करतो, यावर बरंच ठरतं. क्रेक आणि लॉकहार्ट यांनी १९७२ साली मांडलं की आठवण किती टिकेल हे प्रक्रियेच्या खोलीवर अवलंबून असतं. शब्द कसा दिसतो एवढंच पाहिलं तर उथळ, अर्थाशी झटापट केली तर खोल. म्हणून बहुतेक शिक्षक लगेच सांगतात, ‘नवा शब्द वाक्यात वापरा’. मीही सांगायचे. मग जो बारक्रॉफ्ट यांचं २००४ सालचं काम वाचनात आलं. अगदी नव्या शब्दांची वाक्यं लिहायला लावलेल्या विद्यार्थ्यांना ते शब्द इतरांपेक्षा कमी आठवले. विचार केला तर पटतं. शब्दाचं रूपच अजून हाती नाही आणि आपण त्याच्याकडून व्याकरणाची कसरत करून घेतो. लक्ष वाक्याकडे जातं, शब्द निसटतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी रूप: शब्द ऐका, दोनदा मोठ्याने म्हणा, डोळे मिटून एकदा म्हणा. उच्चार येत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण जो शब्द जिभेला फिरवता येत नाही तो त्या दोन सेकंदांच्या फेऱ्यातून टिकून बाहेर येत नाही. मग अर्थ: शक्यतो चित्र, वस्तू किंवा कृती. वाक्य दुसऱ्या दिवशी.

रूप काही केल्या बसत नसेल तर मधला दुवा शोधा. १९७५ साली ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १२० रशियन शब्द तीन दिवसांत शिकवले. ओळखीच्या आवाजाचा दुवा दिलेल्यांना ७२ टक्के आठवले, इतरांना ४६. मराठी माणसाला दुवे भरपूर मिळतात. जर्मनमध्ये ‘लुफ्ट’ म्हणजे हवा: हवा लुप्त झाली. जपानीत ‘नाका’ म्हणजे आत: आता नाकाच्या आत काय असतं ते मी लिहीत नाही, पण विसरणार नाही तुम्ही. हा दुवा कुबडीसारखा वापरायचा, प्रत्येक शब्दाला लावत बसायचं नाही. दहा दुवे एका दिवशी केले तर दुवेच एकमेकांत अडकतात.

आणि शब्द घेऊन झाले की पाच-दहा मिनिटं काही करू नका. मोबाइल नको, बातम्या नकोत, दुसऱ्या भाषेचा धडा तर मुळीच नको. पाण्याचा ग्लास घ्या, खिडकीबाहेर बघा. म्यूलर आणि पिल्झेकर यांनी ज्या नाजूक वेळेकडे बोट दाखवलं होतं ती हीच. विद्यार्थ्यांना ही सूचना सगळ्यात अवघड जाते.

पायरी ४: वाचू नका, विचारा

यादी पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी सरसकट म्हणणार नाही. पण जवळपास तसंच. कार्पिक आणि रोडिगर यांचा २००८ सालचा प्रयोग बोलका आहे. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले. शब्द एकदा बरोबर आला की काहींच्या बाबतीत त्याची चाचणी थांबवली, वाचन सुरू ठेवलं. काहींचं वाचन थांबवलं, चाचणी सुरू ठेवली. आठवड्याने चाचण्या देत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के आठवले, चाचणी थांबवलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. आणि स्वतःला किती आठवेल याचा अंदाज मात्र सगळ्यांनी साधारण सारखाच केला होता, निम्मे. आपलं शिकणं आतून कसं वाटतं, यावर विसंबू नये ते यासाठी.

शब्द कार्डावर लिहा, मराठी बाजू वर, उत्तर झाकलेलं. पाच सेकंद वाट पाहा. आलं नाही तर लगेच बघा आणि मोठ्याने म्हणा. चुकीचं उत्तर तोंडातून गेलं आणि दुरुस्त न होता तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी तेच आधी उगवतं. रोज त्याच क्रमाने विचारू नका. क्रम पाठ होतो आणि शब्द आल्याचा भास होतो. वहीच्या पानावर वरून तिसरा म्हणजे ‘आम्पेल’, असं माझं बरेच दिवस चाललं होतं.

पायरी ५: अंतर वाढवा, रात्र मध्ये येऊ द्या

सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सुचवलेली कार्डांची पेटी अजूनही उत्तम चालते. पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, आणि पुढचा प्रत्येक कप्पा जास्त दिवसांनी. चुकलं की परत पहिल्यात. मी दुसरा कप्पा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी आणि पाचवा दीड महिन्याने उघडते. ॲप हेच हिशेबाने करतं.

अंतराची ताकद किती असते याचा नमुना म्हणजे हॅरी बॅहरिक यांच्या कुटुंबाने केलेला प्रयोग. घरातल्या चौघांनी प्रत्येकी ३०० परकीय शब्द शिकले आणि नऊ वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष १९९३ साली आला: ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या आणि १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्या, टिकण्याच्या बाबतीत जवळपास सारख्या. कष्ट निम्मे. अर्थात आठवड्याने परीक्षा असेल तर ५६ दिवसांचं अंतर काय कामाचं? परीक्षा जवळ असेल तर एक-दोन दिवसांचं, वर्षभरासाठी शिकत असाल तर काही आठवड्यांचं, एवढा ढोबळ हिशेब पुरतो.

पेटीत मी एक नियम वाढवला आहे. जोडीतली कार्डं एकाच कप्प्यात आली की एक मागे ठेवायचं. दोघं एकाच दिवशी समोर आले की पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला सुगावा देतं, आणि एकटं विचारलं की पुन्हा बोंब.

झोपेबद्दल थोडक्यात: नवे शब्द संध्याकाळी, त्यांची पहिली चाचणी सकाळी.

पायरी ६: आपल्याच भाषेची आडकाठी

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घट्ट यादी आपल्या मातृभाषेची असते, आणि ती प्रत्येक नव्या शब्दाच्या आधी हजर होते. हिंदी बोलताना मराठी माणूस फसतो ते अवघड शब्दांत नव्हे, ओळखीच्या शब्दांत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, ‘संसार’ म्हणजे जग. ‘मैंने बहुत चेष्टा की’ हे कौतुकाने सांगणाऱ्या माणसाला आपण मनात टवाळखोर ठरवून मोकळे होतो. दुसरी परकी भाषा शिकताना पहिली परकी भाषा असाच घोळ घालते: इंग्रजीतलं ‘गिफ्ट’ भेटवस्तू, जर्मनमधलं विष. ‘बिकम’ म्हणजे होणं, पण जर्मन ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणं.

असे शब्द सुट्या कार्डावर लिहू नका. तिथे जुना अर्थ हमखास जिंकतो. जुना अर्थ ज्यात बसूच शकत नाही असं छोटं वाक्य लिहा. ‘शिक्षा मंत्री’ एकदा लिहिलं की दंडाचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा प्रकार कमी दिसतो पण जास्त छळतो: परक्या भाषेत दोन शब्द, मराठीत एकच. उसनं देणं आणि उसनं घेणं, दोन्हीकडे ‘उसनं’ समान. म्हणून ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांना मराठीतून बोलावलं की दोघंही एकाच हाकेला ओ देतात. इथे कार्डाच्या वरच्या बाजूला मराठी अर्थ न लिहिता प्रसंग लिहावा: ‘माझ्याकडे पेन नाही, तुझ्याकडे आहे, मी विचारतोय.’

दोन भाषा एकाच वेळी शिकत असाल तर त्यांचे धडे पाठोपाठ ठेवू नका. मी एका हिवाळ्यात जर्मन संपवून लगेच जपानी उघडायचे. दोन महिने जपानी वाक्यात जर्मन ‘उंड’, म्हणजे ‘आणि’, घुसत होता.

पायरी ७: गुंता आधीच झाला असेल तर

बहुतेक वाचक इथवर गुंता घेऊनच आलेले असणार. माझा स्वतःचा, ‘कासु’ आणि ‘कारिरु’चा, गुंता चार वर्षं जुना होता. ‘कासु’ म्हणजे उसनं देणं, ‘कारिरु’ म्हणजे घेणं. दोघांची सुरुवात ‘का’ने, दोघं मराठीतल्या ‘उसनं’ला बांधलेले, आणि रूपं चालवली की ‘काशिते’ आणि ‘कारिते’, म्हणजे मधल्या एका अक्षराचा फरक. एकाच दुपारी, एकाच पानावर शिकलेले. मी शंभरदा उजळणी केली असेल. प्रत्येक उजळणीत दोघं एकत्र समोर यायचे, गाठ आणखी आवळायची.

शेवटी केलं ते असं. ‘कारिरु’चं कार्ड पेटीतून बाहेर काढून पाकिटात बंद केलं. महिनाभर त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘कासु’लाही सुटं ठेवलं नाही. ‘पेन ओ काशिते कुदासाइ’, म्हणजे ‘पेन देता का जरा’, हे अख्खं वाक्य एका दमात, हात पुढे करून. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने काम करते. अँडरसन आणि ब्योर्क दांपत्याने १९९४ साली दाखवलं की एका गटातल्या काही गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या की त्याच गटातल्या न आठवलेल्या गोष्टी मागे ढकलल्या जातात. एरवी हे नुकसान. गुंता सोडवताना तेच हवं असतं. ‘कासु’ पुढे येत गेला तसा ‘कारिरु’ आपोआप मागे सरकला.

महिन्याने पाकीट उघडलं. ‘कारिरु’ नव्याने शिकले, वेगळ्या जागी: ‘तोशोकान दे होन ओ कारिमाश्ता’, ग्रंथालयातून पुस्तक आणलं. हात आता स्वतःकडे. पंधरा दिवस हे वाक्य एकटं. त्यानंतरच, दोघं आपापल्या पायावर उभे राहिल्यावर, त्यांना समोरासमोर आणलं. दोन रकाने, फरक कशात ते एका ओळीत, आणि मिसळलेले दहा प्रसंग. तुलना वाईट नसतेच, तिची वेळ चुकते. फळ्यावरचे माझे ते बाण महिन्याभराने काढले असते तर त्यांनी मदत केली असती.

उच्चारामुळे अडकलेल्या जोडीला, ‘अडॉप्ट’ आणि ‘अडॅप्ट’ किंवा ‘ब्योइन’ आणि ‘बियोइन’ अशा, शेवटच्या टप्प्यात एक काम जास्त: कुणाला तरी ते शब्द बोलायला सांगा आणि कोणता ऐकला ते बोट दाखवून सांगा. कान तयार झाला नाही तर डोळ्यांनी केलेली तयारी बोलण्यात उपयोगी पडत नाही. माणूस नसेल तर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून उलटसुलट क्रमाने ऐका.

वेळ नसेल तेव्हा

उद्या परीक्षा आहे आणि पाच जोड्या गुंतलेल्या आहेत, अशा वेळी वरचं काहीच कामाचं नाही. तेव्हा प्रत्येक जोडीतला एकच शब्द निवडा आणि तोच पक्का करा, वाक्यासकट. दुसऱ्याला हातही लावू नका. पर्यायांमध्ये दोघं समोर आले तर पक्क्या शब्दाचं वाक्य मनात म्हणा. बसला तर तो, नाही बसला तर दुसरा. हातात वेळ उरलाच तर तो सहाव्या जोडीला न देता झोपेला द्या, आणि सकाळी ती पाच वाक्यं वही न उघडता एकदा म्हणा.